सत्तेचाळीसची शिट्टी

अंकुश, तुझ्या दहाव्याला मी बोललो नाही.

कऱ्हेच्या काठी माईक होता, माणसं होती आणि सगळ्यांच्या माना आपोआप माझ्याकडे वळल्या होत्या. वळणारच. बारामतीपासून इंदापूरपर्यंत लग्न असो, निरोप समारंभ असो, कुस्त्यांचं मैदान असो की दहावा, माईक माझ्याच हातात असतो. ज्यांचं तोंडही मी कधी पाहिलं नाही अशा माणसांना मी अशी श्रद्धांजली वाहिली आहे की त्यांच्या घरचेच एकमेकांकडे बघायचे, आपला आण्णा एवढा चांगला होता? तू मला 'माईकराव' म्हणायला लागलास आणि तेव्हापासून माझं खरं नाव फक्त रेशनकार्डावर राहिलं. त्या दिवशी माईक हातात आला, मी 'अंकुश' एवढं म्हणालो आणि पुढचं वाक्य आलंच नाही. कुणीतरी हळूच माईक काढून घेतला आणि सोसायटीच्या चेअरमनना दिला. ते म्हणाले, "अंकुशराव म्हणजे एक उमदं व्यक्तिमत्त्व." तुझ्या नावापुढे राव लागलेला ऐकून मला हसू आलं. लोकांना वाटलं मी रडतोय. दोन्ही चालू होतं.

आता बोलायचं तर तुझ्याशीच बोललं पाहिजे. कारण तुझ्या नावावर मी एक गोष्ट करून बसलोय आणि ती बरोबर की चूक, हे सांगू शकणारा माणूस एकच होता.

तुला 'पोच'चं, म्हणजे आपल्या त्या बोलणाऱ्या डब्याचं, खूळ लागलं ते बबनच्या दुकानात. बबनचं किराणा आणि चहाचं दुकान तुझ्या घराच्या कोपऱ्यावर. गिऱ्हाइकाने फोनवरून पैसे पाठवले की किती आले ते बोलणारा एका मोठ्या कंपनीचा डबा त्याच्याकडे होता. त्यातली बाई अशी तुपात घोळवून हिंदी बोलायची की बबन दर वेळी गिऱ्हाइकाला विचारायचा, "काय म्हणली ती?" तू चहाचा ग्लास खाली ठेवलास.

"माईकराव, आपण आपला डबा काढू. आपल्यासारखा बोलणारा."

"आणि बनवणार कोण? तुला टायपिंग येतं, मला तेवढंबी येत न्हाय."

"इंजिनियर."

"त्यांना पगार?"

"न्हाय."

"मग ती पोरं येतील कशाला?"

"त्यासाठीच तर तुला संगं घेतोय."

मी पोट धरून हसलो. तू हसला नाहीस. अर्ध्या बारामतीला कॉम्प्युटर शिकवलेला तू, क्लासच्या भाड्यातून कसाबसा सुटणारा, तुझ्याकडे पगार द्यायला काहीच नव्हतं. पण तुझ्याकडे आजोबा होते. म्हणजे त्यांची गोष्ट होती. "आमचा आजा मेंढरं घिऊन फिरायचा. कुणाच्या रानात कळप बसवला की रानाला खत व्हायचं, आन् मालक ज्वारी द्यायचा. मधी पैका कुठं हाय? पैशाबिगर बी जग चालतं, माईकराव. सावड करू." सावड तर आपण लहानपणापासून बघतोय. आज तू माझ्या रानात ये, उद्या मी तुझ्या रानात येतो, दोघांचंही काम होतं आणि मजुरीचा प्रश्न येत नाही. पण खुरपणीची सावड कॉम्प्युटरला लावणारा सबंध पुणे जिल्ह्यात तू पहिला. असा माणूस एकदा माझ्या पुढ्यात आल्यावर मी घरी बसेन होय?

शेळगावची गोष्ट मी नंतर कितीतरी मांडवांत सांगितली. तू दर वेळी म्हणायचास, "वाढवतोय." आता तू नाहीस म्हणून खरं सांगतो, त्यातलं काहीही मी वाढवलेलं नाही. वाढवायला जागाच नव्हती.

शेळगावच्या ज्ञानदेव तात्यांची शुभांगी इंजिनियर होऊन घरी बसलीय, असं तुला कळलं होतं. तू म्हणालास, कुणाच्या लेकीला कामाला मागायचं तर रिकाम्या हातानं जायचं नाही. मग नारळ घेतला, पेढे घेतले. मी सकाळचं लग्न उरकून थेट आलेलो, अंगात जाकीट, डोक्याला फेटा तसाच. आणि तू फोनवर तात्यांना सांगून ठेवलेलं, "तुमच्या शुभांगीबद्दल बोलायचं हाय. आमी दोघं येतोय." सांग बरं, त्या घराने काय समजावं?

आपण पोचलो तर ओसरीवर जाजम अंथरलेलं. पांढऱ्या टोप्या घालून तिचे तीन चुलते ओळीने बसलेले. दाराआड बायकांची ही गर्दी. पोहे आले आणि पोह्यांचा ट्रे घेऊन, मोरपंखी साडीत, खाली मान घालून शुभांगी आली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी तुझ्याकडे पाहिलं. मला गुदगुल्या होत होत्या आणि तुझा चेहरा बटण बंद केलेल्या पंख्यासारखा हळूहळू थांबत चालला होता.

थोरल्या चुलत्याने घसा खाकरला. "मुलगा काय करतो?"

तू म्हणालास, "मुलगा न्हाय. डबा हाय."

ओसरीवर कोंबडीचं पिल्लू चाललं असतं तर ऐकू आलं असतं. मग मी सावरून घ्यायला उभा राहिलो, 'आजच्या या मंगल प्रसंगी' इथपर्यंत पोचलोही, पण तात्यांनी हात वर केला.

"थांबा वाईच. नोकरी द्यायला आलाय?"

"तसंच समजा," तू म्हणालास.

"पगार किती?"

"न्हाय."

"म्हंजे पोरगी बघायला आला न्हाय, पगार द्यायला आला न्हाय. मग आमचं पोहे कशाचं खाल्लं?"

चुलते हसले. मी हसलो. तू बशी खाली ठेवलीस, उठलास आणि सरळ घरामागच्या डाळिंबाच्या बागेत गेलास. बागेची छाटणी चालू होती. आपल्यासाठी म्हणून काम अर्ध्यावर थांबवलेलं. तू कात्री उचललीस. "तात्या, सावड. तुमची लेक माझ्याकडं जेवढं राबंल तेवढं मी तुमच्या बागंत राबंन."

तात्यांनी तुझा हात हातात घेऊन वासराचे दात बघावेत तसा उलटसुलट बघितला. "टायपिंगवाल्याचा हात हाय ह्यो."

"शिकंन."

तेवढ्यात दाराआडून हसण्याचा आवाज आला. जरा वेळाने शुभांगी बाहेर आली. साडी तीच, पण ट्रेच्या जागी लॅपटॉप. "सर, तुमचा सर्व्हर कुठं हाय?"

"घरी. फ्रीजच्या शेजारी."

"फ्रीज बंद पडला तर?"

"तर भाजी खराब हुईल."

मला वाटतं ती तिथेच तयार झाली. माझ्या फेट्यावर नाही, पेढ्यांवर नाही, तुझ्या भाजीवर.

मग काटेवाडीचा एक पोरगा मिळाला, त्याच्या घरी गाई, तिथे तू शेण काढलंस. सोमेश्वरनगरचे दोघे भाऊ मिळाले, त्यांच्या उसात तू पाण्याची पाळी धरलीस. पण तुझा जीव रमला तो शेळगावला. डाळिंबाला काटे असतात हे तुला पहिल्याच दिवशी कळलं. तुझे दोन्ही हात कोपरापर्यंत ओरबाडलेले असायचे. डब्याला परवानगी मिळवायला आपण बँकेत गेलो तेव्हा साहेबाने तुझ्या हातांकडे बघून विचारलं, "मांजर पाळलंय का?" तू शांतपणे म्हणालास, "न्हाय साहेब. इंजिनियर पाळलेत." साहेब इतका हसला की त्याने चहा मागवला. आयुष्यभर मी लोकांना हसवलं, पण माझ्यासाठी कुठल्या बँकेने चहा मागवला नाही.

आणि आवाज! डब्याला आवाज कुणाचा, यावर तुझंमाझं दुमत नव्हतं. माझाच. मी लिंबूपाणी पिऊन, जाकीट घालून रेकॉर्डिंगला बसलो. 'लक्ष्मी आली हो आपुल्या अंगणी, रुपये तीऽऽस!' असं बोललो. बबनच्या दुकानात डबा लावला, पहिल्याच सकाळी बबनने तो काढून तुझ्या हातात दिला. "ह्याचं बोलून व्हईपतोर गिऱ्हाईक घरी पोचतंय." मला राग आला होता. अजून थोडा आहे.

मग तू स्वतः बसलास. मराठीत शंभरापर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा, प्रत्येक वेगळा बोलावा लागणार. भर मे महिन्यातली दुपार, बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून तू अंगावर दोन गोधड्या घेतलेल्या, आत एक मोबाइल, बाहेर मी घाम पुसत आकडे सांगतोय. तुझ्या आवाजात ना चढ ना उतार. 'आलं बगा.' मग आकडा. मग 'रुपयं.' आणि शेवटी 'रामराम', कारण तुझ्या मते पैसे देऊन निघालेल्या माणसाला रामराम केल्याशिवाय सोडणं बरं नव्हे. सत्तेचाळीस म्हणालास आणि त्याच वेळी आतल्या खोलीत सुनंदा वहिनींच्या कुकरची शिट्टी झाली. मी म्हणालो, पुन्हा घेऊ. तू गोधडीतूनच बोललास, "ऱ्हाऊ दे. सत्तेचाळीस रुपयं कोण देतंय?"

आठवड्याभरात बबनकडे गिऱ्हाईक मुद्दाम सत्तेचाळीसचा माल मागायला लागलं. पोरं टोळक्याने यायची, शिट्टी वाजली की ओरडायची. वहिनी मला म्हणाल्या होत्या, "भावजी, माझा कुकर वाण्याच्या दुकानात वाजतोय, ही काय पद्धत हाय का?" पण सांगताना हसू दाबून गाल फुगलेले होते त्यांचे. पुढे रस्त्याने रस्त्याने डबे लागत गेले. काटेवाडीला लागले, लासुर्ण्याला लागले, शेळगावच्या फाट्यावर लागले. मी मोटरसायकलवरून इंदापूरला निघालो की वाटेत चार ठिकाणी तू मला भेटायचास. चहा प्यायचा, पैसे पाठवायचे, आणि तू म्हणायचास, आलं बगा.

तर आता ते भांडण, अंकुश. अर्धंच राहिलेलं.

शुभांगीला पुण्यातल्या एका कंपनीचं बोलावणं आलेलं. चांगलं पद, चांगला पगार. तिने तुला सांगितलंच नाही. तात्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि परतताना मी तुला काटेवाडीला उसाच्या रसासाठी थांबवलं.

"तिला जा म्हणून सांग," मी म्हणालो.

"मी कोण सांगणार? जायचं तर जाईल की. मी काय दावणीला बांधलीया?"

"बांधलीच हायस. तू तिच्या बापाच्या बागंत रक्त काढून घेतोस. ती कुठल्या तोंडानं म्हणंल, सर मी चालले? पगार दिला असतास तर पगार सोडून गेली असती. सावड कशी सोडंल?"

तू ग्लासातला बर्फ हलवत राहिलास. तुझ्या मनगटावर ताजा ओरखडा होता.

"आन् डबा?" तू म्हणालास.

"डबा बंद पडला तर पडू दे."

"माईकराव, तुला एक गोष्ट कळत न्हाय..." एवढं बोललास आणि फोन वाजला. लासुर्ण्याच्या दुकानातला डबा बोलत नव्हता. तू रस तसाच ठेवून गाडीला किक मारलीस. "परवा सांगतो," म्हणालास.

दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये, खुर्चीत बसल्या जागी, तू गेलास.

मला काय कळत नव्हतं? मी हे वाक्य किती प्रकारे पुरं करून बघितलं असेल. 'तुला एक गोष्ट कळत न्हाय, तिला मी कालच सांगितलंय जा म्हणून.' हे तू असू शकतोस. 'तुला एक गोष्ट कळत न्हाय, ती गेली तर सगळं संपलं.' हाही तूच. दोन्ही तुझ्याच आवाजात, बिनचढउताराच्या, मला तितकीच स्पष्ट ऐकू येतात. मी माणसांच्या तोंडी वाक्यं घालून पोट भरणारा माणूस आहे. पण तुझ्या तोंडचं एक वाक्य मला लागत नाही.

काटेवाडीचा पोरगा आणि ते दोघे भाऊ तेराव्यापर्यंत आले, वाढायला उभे राहिले, वहिनींच्या पाया पडले आणि आपापल्या वाटेला लागले. त्यांना मी काय म्हणू? ज्याच्याशी सावड होती तोच नाही. शुभांगी मात्र थांबली. शेळगावला बसून एकटी डबे चालवत होती. कंपनीने तिला आणखी थोडे दिवस दिले होते.

आणि वहिनी रोज सकाळी बबनच्या दुकानात जायला लागल्या.

मला बबननेच सांगितलं. "माईकराव, वैनी येत्यात. चहापत्ती, बिस्किट, काय बी घेत्यात. आन् म्हणत्यात सत्तेचाळीसचं कर. परवा तर नुसती काड्याची पेटी घेतली. म्हटलं वैनी, सत्तेचाळीस कशाचं? म्हणल्या, लाव रं, पुढच्यात वळतं कर. आता माझ्याकडं त्यांचंच किती जमा झालंय, ते कसं परत करू सांगा." बोलता बोलता बबनने तोंड फिरवलं आणि उगाचच साखरेचं पोतं सरळ करायला लागला.

मी शुभांगीला हे सांगितलं, तर तिला आधीच माहीत होतं. तिला तिच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी बबनच्या दुकानातले सत्तेचाळीस दिसत होते. "काका, बँकवाले मधनंमधनं कायतरी बदलत्यात. ते बदललं की आपल्याकडंबी बदलायला लागतं, न्हायतर डबा मुका हुतो. मी पुण्याला गेले की माझ्याच्यानं न्हाय होणार, कंपनीचा तसा कागदच हाय, बाहेरचं काम करायचं न्हाय. मग काकूंनी कुठं जायचं?"

मी म्हणालो, आवाज काढून दे त्यांच्या फोनमध्ये, झालं. तिने दिलाही होता. वहिनींनी मला फोन दाखवला, त्यात तू ओळीने बसला होतास, एकपासून शंभरपर्यंत. "भावजी, ह्याच्यात मी दाबलं की बोलत्यात. हितं दुकानात गिऱ्हाईक येतं, त्याला बोलत्यात. कामावर असल्यावानी." मी फोन त्यांच्या हातात परत दिला. माझ्याकडे नवरदेवाच्या मावशीसाठी सुद्धा तयार वाक्य असतं.

मग तात्यांचा फोन आला. "माईकराव, तुमी या. पोरीचं दिस संपत आलं. आमचं ऐकत न्हाय. तुमचं बोलणं लोकाला पटतं, तुमीच तिला धाडा."

मी गेलो. पेढे घेतले, नारळ घेतला, का ते मला माहीत नाही. फेटा नव्हता. छाटणीचेच दिवस होते. ओसरीवर न थांबता मी बागेत गेलो आणि कात्री उचलली. तुझी जागा कुणीतरी घ्यायला हवी, असं काहीतरी डोक्यात होतं. पहिलीच फांदी चुकीची कापली. तात्या धावत आले. "अवो, फळाची फांदी हाय ती! ठिवा ती कात्री." मग माझा चेहरा बघून त्यांचा आवाज उतरला. "तुमच्या दोस्तानं बी पैल्या दिशी अशीच कापली हुती. झाड तेच." आम्ही दोघे त्या झाडाकडे बघत उभे राहिलो. एक जुना काप, एक नवा. तात्या म्हणाले, "माझ्याकडनं त्याची सावड फिटायची ऱ्हायली. तो माझ्याकडं जास्त राबला. आता कुणाकडं जाऊन राबू?"

शुभांगी पोहे घेऊन आली. ट्रे तोच. मी रस्ताभर भाषण जुळवलं होतं, त्यात तुझं स्वप्न होतं, तिच्या आयुष्याची पहाट होती, टाळ्यांसाठी दोन जागा होत्या. तिने बशी माझ्या हातात दिली आणि समोर बसली.

"काका, एक विचारू? सर तुमच्याशी ह्याच्यावर बोलले हुते का? मी जावं का ऱ्हावं?"

"बोलला होता."

"काय म्हणाले?"

अंकुश, आयुष्यात मी किती खोटं बोललोय! नवरदेवाला सुशील म्हणालोय, कंजूष सासऱ्याला दानशूर म्हणालोय, कधी न भेटलेल्या माणसासाठी डोळ्यांत पाणी आणलंय. ते सगळं माईकवर होतं आणि ऐकणाऱ्यांनाही माहीत होतं. इथे माईक नव्हता. समोर एक मुलगी होती आणि तिला खरंच माझ्या उत्तरावर उठायचं होतं. तात्या कात्री हातात धरून दारात थांबलेले.

"म्हणाला, तिला म्हणावं जा."

"असंच म्हणाले?"

"असंच. म्हणाला, डबा बंद पडला तर पडू दे."

ते माझं वाक्य होतं. रसाच्या ग्लासावर मी म्हटलेलं. मी ते तुझ्या तोंडात घातलं आणि तुझ्या आवाजात, चढ न देता, उतार न देता बोललो. चांगलं जमलं. इतकं चांगलं की तिचा विश्वास बसला. ती बराच वेळ पायाच्या अंगठ्याने सारवणावर रेघ काढत बसली. मग म्हणाली, "सरांचं ना, असंच असायचं. स्वतः कदी म्हणायचे न्हाईत." आणि आत गेली. तिच्या आईने हुंदका दिला, तो आनंदाचा होता की कसला ते मला ओळखता आलं नाही. तात्यांनी माझे पेढे देवापुढे ठेवले.

परवा ती पुण्याला गेली. जाण्याआधी बारामतीला उतरली, वहिनींच्या पाया पडली. फ्रीजशेजारच्या सर्व्हरला तिने हात लावून बघितला, तापलाय का म्हणून. वहिनींनी तिची ओटी भरली. ती गेल्यावर मी वहिनींना सगळं सांगितलं. तू काय म्हणालास ते आणि तू काय म्हणाला नाहीस तेही. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या म्हणाल्या, "बरं केलंत भावजी." थोड्या वेळाने म्हणाल्या, "कवापतोर चालंल?"

"माहीत न्हाय वहिनी. बँकवाले बदलतील तवर."

"कवा बदलतील?"

"ते कुणालाच माहीत न्हाय."

त्यांनी मान हलवली. जसं एखाद्याला बस किती वाजता आहे विचारावं आणि त्याने ठाऊक नाही म्हणावं, तसं.

आता मीही रोज सकाळी बबनकडे जातो. आज वहिनींनी हळदीची पुडी घेतली. बबनने न विचारता सत्तेचाळीस लावले. वहिनींनी फोन काढला, चष्मा वर केला, आकडा घातला, बोट दाबलं. आणि मग काहीच झालं नाही. आम्ही तिघे त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्याकडे बघत उभे. मागे एक पोरगं दुधाची पिशवी घेऊन ताटकळलेलं. बबनने डब्याच्या डोक्यावर हलकी टपली मारली, जशी तुला कधीकधी मारायचा. वहिनींनी चष्मा काढला.

"आलं बगा," तू म्हणालास. "सत्तेचाळीस," आणि शिट्टी झाली. "रुपयं. रामराम."

वहिनींनी पुडी पिशवीत टाकली, पदर नीट केला आणि निघाल्या. दुधाच्या पोराने पैसे दिले, तू त्यालाही रामराम केलास. मी अजून दुकानापुढेच होतो. बबन म्हणाला, "चहा टाकू का?" मी हो म्हणालो. प्यालो. पैसे पाठवले आणि पुन्हा डब्याकडे बघत थांबलो, अंकुश. तू परवा सांगणार होतास.